लेकराचा एडीएचडी आणि मेंदूतलं व्हाइट मॅटर: एमआरआयच्या दारात विचारले जाणारे प्रश्न

मी मराठवाड्यातल्या एका एमआरआय केंद्रात तंत्रज्ञ म्हणून काम करते. बारा वर्षं झाली. निदान करणं माझं काम नाही, ते डॉक्टरांचं. पण स्कॅनच्या आधी कपडे बदलताना आणि नंतर फिल्मची वाट बघताना आई-बाप जे विचारतात, ते बहुतेक वेळा मलाच विचारतात. अलीकडे त्यात एक प्रश्न फार वाढलाय: "ताई, मोबाईलवर वाचलं की चंचल पोरांच्या मेंदूतला पांढरा भाग वेगळा असतो. आमच्या लेकराचा बघून सांगा की." माझ्या बहिणीच्या मुलालाही एडीएचडी, म्हणजे लक्ष न टिकण्याचा आणि अति चंचलतेचा त्रास, आहे, त्यामुळे हा प्रश्न घरातही आलाच. एका ओळीत त्याचं उत्तर देता येत नाही, म्हणून इथे सविस्तर लिहिते आहे.

हे व्हाइट मॅटर म्हणजे नेमकं काय?

मेंदू मधोमध कापला तर बाहेरच्या बाजूला करड्या रंगाची साल दिसते आणि आत पांढरट गर. करड्या भागात मेंदूच्या पेशी असतात. पांढऱ्या भागात त्या पेशींमधून निघालेले लांब तंतू असतात, एका भागाचा निरोप दुसऱ्या भागाला पोचवणारे. या तंतूंवर मायलिन नावाचं स्निग्ध वेष्टण गुंडाळलेलं असतं. त्या स्निग्धतेमुळेच हा भाग पांढरा दिसतो. वेष्टण नसलेल्या तंतूतून निरोप सेकंदाला साधारण एक मीटर या वेगाने जातो. जाड वेष्टण असलेल्या तंतूत हाच वेग सेकंदाला शंभर मीटरच्या घरात जातो.

मेंदूच्या उजव्या-डाव्या भागांना जोडणारा एक जाड पट्टा असतो, त्याला कॉर्पस कॅलोसम म्हणतात. त्यात सुमारे २० कोटी तंतू असतात. पडद्यावर मेंदूचं उभं चित्र आलं की तो पट्टा कमानीसारखा उठून दिसतो.

लेकराच्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट वेगळीच आहे. हे वेष्टण जन्मतः पूर्ण नसतं. ते वर्षानुवर्षं चढत जातं, साधारण मागच्या भागाकडून पुढच्या भागाकडे. कपाळामागचा भाग, जो थांबायला, आखणी करायला, मोह आवरायला लागतो, त्याचं वेष्टण सगळ्यात शेवटी पूर्ण होतं. पार विशीच्या अखेरीपर्यंत हे काम चालू असतं. म्हणूनच एडीएचडीचा अभ्यास करणाऱ्यांची नजर या पांढऱ्या भागावर गेली.

साध्या एमआरआयमध्ये हे तंतू दिसतात का? मोजतात कसे?

साध्या एमआरआयमध्ये पांढरा भाग सलग दिसतो, त्यातले तंतू कुठून कुठे गेले ते कळत नाही. त्यासाठी डिफ्यूजन टेन्सर इमेजिंग, म्हणजे डीटीआय, नावाची वेगळी पद्धत आहे. ती १९९४ साली अमेरिकेतल्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेत पीटर बॅसर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मांडली.

आपल्याकडे ज्याने उसाला दारं धरलंय, त्याला ही पद्धत समजायला वेळ लागत नाही. सरीत पाणी सोडलं की ते सरीच्या लांबीने धावतं. वरंबा ओलांडून शेजारच्या सरीत जाणं त्याला जड जातं. तेच पाणी नुसत्या वखरलेल्या सपाट रानात सोडलं तर चहूकडे सारखं पसरतं. मेंदूतही पाणी असतंच. जिथे तंतू एका दिशेने घट्ट लागलेले असतात, तिथे पाण्याचे कण तंतूंच्या लांबीने जास्त सरकतात, आडवे कमी. डीटीआय हे सरकणं अनेक दिशांनी मोजतं आणि त्यावरून सरी कुठल्या दिशेने गेल्या आहेत याचा अंदाज बांधतं.

या मोजणीतून एक आकडा निघतो, त्याला एफए म्हणतात. तो ० ते १ च्या दरम्यान असतो. पाणी सगळीकडे सारखं पसरत असेल तर ०, आणि एकाच दिशेने जात असेल तर १ च्या जवळ.

इथे मी नेहमी थांबते, कारण पुढचा गैरसमज इथूनच सुरू होतो. एफए कमी आला म्हणजे तंतू खराब आहेत, असा अर्थ होत नाही. वेष्टण कमी असल्यानेही तो कमी येतो, तंतू विरळ असल्यानेही येतो, आणि दोन निरोगी मार्ग एकमेकांना छेदून जात असले तरीही येतो. चारी जिथे सरीला मिळते तिथे पाणी दोन्हीकडे जातं, म्हणून कुणी रान बिघडलं असं म्हणत नाही. शिवाय डीटीआयचा एक ठिपका साधारण दोन मिलिमीटर लांब-रुंद असतो आणि तेवढ्यात लाखो तंतू मावतात. आपल्याला दिसते ती त्या सगळ्यांची सरासरी.

मग एडीएचडी असलेल्या मुलांच्या व्हाइट मॅटरमध्ये खरंच फरक सापडलाय का?

सापडलाय, पण गटाच्या सरासरीत, आणि तोही बारीक.

२००२ साली अमेरिकेत झेवियर कॅस्टेलानोस आणि सहकाऱ्यांनी एडीएचडी असलेल्या १५२ आणि नसलेल्या १३९ मुलांचे एमआरआय ताडून पाहिले. एडीएचडी असलेल्या गटात मेंदूचं एकूण आकारमान सरासरीने सुमारे तीन टक्क्यांनी कमी भरलं. ज्या मुलांनी औषध कधीच घेतलं नव्हतं, त्यांच्यात पांढऱ्या भागाचं आकारमान विशेष कमी होतं. २००५ साली डीटीआय वापरून एडीएचडी असलेल्या १८ आणि नसलेल्या १५ मुलांचा छोटा अभ्यास आला आणि त्यात काही भागांत एफए कमी दिसला. त्यानंतर असे अभ्यास कितीतरी झाले. पुन्हापुन्हा ज्यांची नावं येतात ते मार्ग म्हणजे कॉर्पस कॅलोसम, कपाळामागच्या भागाला मेंदूच्या खोलातल्या केंद्रांशी जोडणारे तंतू, आणि पुढून मागे जाणारे लांब पट्टे. लक्ष टिकवणं, हात आवरणं, वाट पाहणं या गोष्टींचा या मार्गांशी संबंध आहे, त्यामुळे हे निष्कर्ष अगदीच अनपेक्षित नाहीत.

पण सगळे अभ्यास एका सुरात बोलत नाहीत. कुणाला एका ठिकाणी फरक दिसतो तर कुणाला दुसऱ्याच. काहींना एफए कमी ऐवजी जास्त दिसला. यामागे एक मोठं कारण आहे, आणि ते मी रोज डोळ्यांनी बघते.

ते कारण कोणतं?

डोकं हलणं.

डीटीआयला काही मिनिटं लागतात आणि तेवढा वेळ डोकं एक-दोन मिलिमीटरही हलू नये, अशी अपेक्षा असते. यंत्र घर्र-घर्र, टक-टक असा मोठा आवाज करतं. ज्या लेकराची अडचणच एका जागी न राहणं ही आहे, त्यालाच आपण सांगतो, हलू नकोस. एक आठ वर्षांचा मुलगा मला आठवतो. डोक्याच्या दोन्ही बाजूंना फोम लावला, वरून पट्टी लावली. मी माइकवरून गोष्ट सांगत होते आणि तो खरोखर प्रयत्न करत होता. पण दर मिनिटाला त्याच्या पायाचा अंगठा हलायचा, त्याबरोबर गुडघा, आणि शेवटी हनुवटी किंचित खाली. पडद्यावर लगेच पट्टे उठायचे. तीन वेळा तोच भाग पुन्हा घ्यावा लागला.

डोकं हललं की एफएचा आकडा बदलतो, आणि दिसायला तो अगदी मेंदूतल्या फरकासारखाच दिसतो. एडीएचडी असलेली मुलं इतरांपेक्षा जास्त हलतात. म्हणजे दोन गटांत दिसलेल्या फरकातला काही भाग मेंदूचा आणि काही भाग नुसत्या हालचालीचा. २०१८ साली एडीएचडीवरच्या डीटीआय अभ्यासांचा एक मोठा आढावा प्रसिद्ध झाला. त्याने नेमका हाच मुद्दा पुढे आणला: बऱ्याच अभ्यासांनी हालचालीचा हिशेब नीट धरलेला नव्हता, आणि जिथे दोन्ही गटांची हालचाल सारखी होती तिथे अनेकदा ठळक फरक उरला नाही. आता नवे अभ्यास करणारे हालचाल आधी मोजतात, मग पुढे जातात.

म्हणजे एमआरआय काढून लेकराला एडीएचडी आहे की नाही ते सांगता येणार नाही?

नाही सांगता येणार. आज जगात कुठेही, कितीही महागड्या यंत्रावर काढला तरी नाही.

हे मी कापसाच्या उदाहरणाने सांगते, कारण ते लगेच पटतं. दोन शिवारांतली हजारो बोंडं वजन करून पाहिली आणि एका शिवाराची सरासरी किंचित हलकी निघाली. हे खरं आहे, मोजलेलं आहे. आता मी तुमच्या हातात एकच बोंड ठेवलं आणि विचारलं, हे कुठल्या शिवारातलं? सांगता येईल का? दोन्ही शिवारांत हलकी बोंडं आहेत आणि दोन्हीकडे भारीही.

मेंदूचं तसंच आहे. २०१७ साली अनेक देशांतले एमआरआय एकत्र करून एडीएचडी असलेल्या १७१३ आणि नसलेल्या १५२९ जणांची तुलना झाली. ती मेंदूच्या खोलातल्या करड्या केंद्रांची होती, पांढऱ्या भागाची नाही, पण धडा तोच. काही केंद्रं सरासरीने लहान निघाली. मात्र सर्वांत मोठा फरकही इतका लहान होता की दोन्ही गटांचे आलेख एकमेकांवर ठेवले तर नव्वद टक्क्यांहून जास्त भाग एकमेकांवर बसतो. तुमच्या लेकराचं चित्र त्या सामाईक भागातच पडण्याची शक्यता सगळ्यात जास्त.

म्हणून जेव्हा एखादा बाप उसने पैसे घेऊन, बाकी काही तक्रार नसताना, फक्त एवढ्यासाठी एमआरआयच्या दारात येतो, तेव्हा माझा जीव तुटतो. ते पैसे चष्म्याला, कानाच्या तपासणीला, बालमानसोपचारतज्ज्ञाकडच्या चार फेऱ्यांना लागले असते.

आमच्या रिपोर्टमध्ये "व्हाइट मॅटर हायपरइंटेन्सिटी" लिहिलंय. हाच एडीएचडी का?

नाही. हायपरइंटेन्सिटी म्हणजे चित्रात तो भाग जरा जास्त उजळ दिसतोय, एवढंच. लहान मुलांत मेंदूच्या मागच्या बाजूला, पाण्याच्या पोकळ्यांच्या शेजारी, काही जागी वेष्टण उशिरा पूर्ण होतं आणि ते उजळ दिसतं. अनेक निरोगी मुलांत ते असतं. कधी जन्माच्या वेळी झालेल्या त्रासाची ती खूण असते, कधी तिला काहीच अर्थ नसतो. त्या शब्दाचा अर्थ मुलाला तपासलेल्या डॉक्टरांनीच सांगायचा. नुसता रिपोर्ट व्हॉट्सअ‍ॅपवर नातेवाइकांना पाठवून त्याचा अर्थ लावू नका. मी असे रडणारे चेहरे पाहिलेत.

एमआरआय नॉर्मल आला. मग पोरगं नाटक करतंय का?

अजिबात नाही. एडीएचडी असलेल्या बहुतेक मुलांचा एमआरआय नॉर्मलच येतो. "रिपोर्ट चांगला आहे, आता बघ तुला कसा सरळ करतो" असं एका वडिलांनी माझ्यासमोर लेकराला दरडावलं होतं. त्या दिवशी मी माझं काम सोडून त्यांच्याशी अर्धा तास बोलत बसले. यंत्राला जे दिसत नाही ते लेकराला होत नसतं, असं नाही.

मग डॉक्टर कधीकधी एमआरआय का लिहून देतात?

कारण लक्ष न लागणं हे दुसऱ्या आजाराचंही लक्षण असू शकतं. फिट येत असेल, डोक्याला मार लागला असेल, सकाळी उठताना डोकं दुखून उलटी होत असेल, हातापायातली ताकद एका बाजूने कमी वाटत असेल, किंवा आधी येत असलेली गोष्ट लेकरू विसरायला लागलं असेल, तर लगेच डॉक्टरांना दाखवा, आणि त्यांनी एमआरआय सांगितला तर करावाच. यातलं शेवटचं नीट लक्षात ठेवा. एडीएचडी असलेलं मूल लहानपणापासून तसं असतं. ते मागे जात नाही.

इथे एका आजाराचं नाव सांगते, कारण तो खरोखर व्हाइट मॅटरचा आजार आहे: अ‍ॅड्रिनोल्युकोडिस्ट्रॉफी. फार दुर्मिळ आहे. साधारण ४ ते १० वर्षांच्या मुलग्यांत त्याचं मेंदूतलं गंभीर रूप दिसतं. सुरुवातीला शाळेतून तक्रार येते की लक्ष देत नाही, ऐकत नाही, अक्षर बिघडलं. एडीएचडी म्हणून सोडूनही दिलं जातं. मग ऐकू कमी येणं, दिसायला त्रास, चालताना तोल जाणं सुरू होतं. काही मुलांची कातडी काळवंडते. अशा वेळी एमआरआयमध्ये मेंदूच्या मागच्या पांढऱ्या भागातला बदल उघड दिसतो, आणि अगदी लवकर कळलं तर मूळपेशी प्रत्यारोपणाने तो थांबवता येऊ शकतो. चांगलं चाललेलं लेकरू काही महिन्यांत मागे पडायला लागलं तर "वय आहे, होईल नीट" म्हणून थांबू नका.

आणखी एक. बोलता बोलता काही सेकंद शून्यात बघून थांबणारं मूल दुर्लक्ष करत असेलच असं नाही. ती एक प्रकारची फिट असू शकते. त्यासाठी ईईजी, म्हणजे मेंदूतल्या विजेच्या लहरींची नोंद, करतात.

हे कशामुळे होतं? माझं काही चुकलं का?

हा प्रश्न नव्वद टक्के वेळा आईच विचारते. हळू आवाजात, सासू बाहेर गेल्यावर. ग्रहणात भाजी चिरली म्हणून, बाळंतपणात बाहेर पडले म्हणून, मोबाईल हातात दिला म्हणून. ताई, तुमचं काही चुकलेलं नाही.

जुळ्यांच्या अभ्यासांतून असं दिसतं की एडीएचडीत माणसामाणसांत जो फरक असतो, त्यातला सुमारे ७४ टक्के आनुवंशिकतेशी जोडलेला आहे. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या अभ्यासात जनुकसंचातल्या २७ जागा एडीएचडीशी जोडलेल्या आढळल्या, आणि प्रत्येकीचा वाटा अगदी थोडा. एखादं एकच "चंचलपणाचं जनुक" नाही. बऱ्याच घरांत आजी बोलून जाते, "ह्याचा बापबी अस्साच व्हता, मास्तर झाडाला बांधायचे." त्या वाक्यात खूप माहिती असते, डॉक्टरांना ते जरूर सांगा.

दिवस भरण्याआधी किंवा फार कमी वजनाचं जन्मलेलं बाळ असेल तर धोका वाढतो, आणि अशा बाळांत पांढऱ्या भागाला इजा होण्याची शक्यताही जास्त असते, कारण त्या काळात ते वेष्टण तयार करणाऱ्या पेशी नाजूक असतात. मोबाईलने झोप मोडते, चिडचिड वाढते, असलेला त्रास जास्त दिसतो. पण एडीएचडी मोबाईलने जन्माला येत नाही.

मेंदू कायमचाच असा राहणार का?

२००७ साली फिलिप शॉ आणि सहकाऱ्यांनी एडीएचडी असलेल्या २२३ आणि नसलेल्या २२३ मुलांचे मेंदू वाढताना वारंवार स्कॅन करून पाहिले. करड्या सालीची जाडी एका वयात शिखराला पोचते आणि मग कमी होते. सालीच्या निम्म्या भागांनी ते शिखर गाठलं ते एडीएचडी नसलेल्या गटात साधारण साडेसात वर्षांपर्यंत, असलेल्या गटात साधारण साडेदहापर्यंत. क्रम तोच, फक्त उशिरा. पेरणी उशिरा झालेल्या रानासारखं. सगळ्यांचं पुढे बरोबरीला येतं असं मात्र नाही, अनेकांना मोठेपणीही लक्षणं राहतात.

पांढरा भाग सरावाने बदलतो, हेही दिसलंय. २००९ साली वाचन कच्चं असलेल्या ८ ते १० वर्षांच्या मुलांना शंभर तासांचं वाचनप्रशिक्षण दिल्यावर पांढऱ्या भागातल्या एका ठिकाणी एफए वाढलेला आढळला. तो अभ्यास एडीएचडीचा नव्हता. पण लेकराचा मेंदू एकदा काढलेल्या एक्स-रेसारखा गोठलेला नसतो, एवढं त्यातून नक्की कळतं.

औषधाने मेंदू लहान होतो, असं ऐकलंय.

वर सांगितलेल्या २००२ च्या अभ्यासात उलट चित्र होतं. पांढरा भाग कमी दिसला तो औषध न घेतलेल्यांत. औषध घेणाऱ्यांत तो इतर मुलांइतकाच होता. यावरून औषधाने तो वाढला असं म्हणता येत नाही, पण औषधाने मेंदू आक्रसतो या भीतीला त्यात आधार नाही. मिथाइलफेनिडेटसारख्या औषधाने भूक मंदावते, झोप उडू शकते, म्हणून डॉक्टर वजन-उंची नियमित बघतात. ते त्यांच्याच चिठ्ठीवर घ्यायचं, स्वतःहून सुरू-बंद करायचं नाही. सहा वर्षांखालच्या लेकरांसाठी आधी आई-वडिलांना वागणुकीचं प्रशिक्षण देतात.

आमची मुलगी तर शांत बसते. तिला कसा असेल?

असू शकतो. एडीएचडीत नुसत्या दुर्लक्षाचाही प्रकार आहे. मुलगी खिडकीबाहेर बघते, वही हरवते, अर्धं गणित सोडते, कुणाला त्रास देत नाही. म्हणून कुणी तिला डॉक्टरकडे नेत नाही. "मंद आहे" असा शिक्का बसतो आणि दहावीला घरी बसवतात. मला या मुलींची सगळ्यात जास्त काळजी वाटते.

मग निदान होतं तरी कसं? आणि कुठे?

बोलून, बघून, विचारून. जगभर वापरल्या जाणाऱ्या अमेरिकन निकषांत (डीएसएम) दुर्लक्षाची नऊ आणि चंचलतेची नऊ लक्षणं आहेत. मुलांमध्ये यातल्या एका गटातली किमान सहा लक्षणं, किमान सहा महिने, घर आणि शाळा अशा दोन ठिकाणी दिसली पाहिजेत, त्यांची सुरुवात १२ वर्षांच्या आत झालेली असली पाहिजे, आणि त्यामुळे लेकराचं खरोखर अडत असलं पाहिजे. सोबत डोळे, कान, हिमोग्लोबिन, झोप हे तपासायचं. रक्त कमी असलेलं, रात्री तीनदा उठणारं मूलही वर्गात लक्ष देत नाही.

आपल्याकडे यात एक मोठी अडचण येते ती ऊसतोडीची. बीड, धाराशिव, जालना भागातली हजारो कुटुंबं दसरा-दिवाळीच्या सुमारास कोयता घेऊन निघतात आणि उन्हाळ्यात परततात. लेकरू तीन महिने गावच्या शाळेत, मग फडावर किंवा आजीजवळ किंवा हंगामी वसतिगृहात. त्याला सहा महिने सलग बघणारे गुरुजीच नसतात. थंडीत पहाटे उठून बैलगाडीत बसलेलं पोरगं वर्गात पेंगतं, त्याचे धडे सुटलेले असतात, ते काही एडीएचडी नव्हे. आणि ज्याला खरंच एडीएचडी आहे, त्याला "फडावरचं पोर" म्हणून सोडून दिलं जातं. दोन्ही चुका होतात. अशा वेळी आजीला, वसतिगृहातल्या बाईंना, जुन्या शाळेच्या गुरुजींना विचारून घ्या आणि ते कागदावर लिहून डॉक्टरांकडे न्या.

कुठे जायचं? शाळेत आणि अंगणवाडीत राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक येतं. २०१३ पासूनच्या या योजनेत जन्म ते १८ वर्षांच्या मुलांची तपासणी होते आणि तिच्या यादीत एडीएचडीही आहे. पथक आलं की आपणहून सांगा, नाहीतर घाईत राहून जातं. पुढे जिल्ह्याच्या शीघ्र हस्तक्षेप केंद्रात पाठवतात. संभाजीनगरची घाटी, अंबाजोगाई, लातूर, नांदेड इथली शासकीय वैद्यकीय महाविद्यालयं आहेत, तिथे बालरोग आणि मानसोपचार विभागात दाखवता येतं. आधी फोनवर बोलावंसं वाटलं तर टेलिमानस, १४४१६, हा मानसिक आरोग्याच्या सल्ल्यासाठीचा सरकारी क्रमांक मोफत आहे.

शाळेने "मेंदूचा रिपोर्ट आणा" म्हटलंय.

माझ्या भाच्यालाही एका शाळेने असंच सांगितलं होतं, आणि बहीण घाबरून माझ्याकडे आली होती. शाळेला हवं ते डॉक्टरांचं किंवा मानसशास्त्रज्ञांचं लेखी मूल्यमापन, फिल्म नव्हे. हे शांतपणे सांगा. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या २१ प्रकारांत एडीएचडीचं नाव नाही, पण अध्ययन अक्षमतेचं आहे. अनेक मुलांत दोन्ही एकत्र असतात, म्हणून वाचन-लेखनाची तपासणीही सोबत करून घ्या.

बोटांच्या ठशांवरून किंवा "ब्रेन मॅपिंग पॅकेज"मध्ये एडीएचडी सांगतात, ते करावं का?

नको.

डॉक्टरांनी एमआरआय सांगितलाच आहे. लेकराची तयारी कशी करू?

एमआरआयमध्ये क्ष-किरण नसतात, त्यामुळे त्या भीतीने टाळू नका. लोहचुंबक मात्र जबरदस्त असतं. करदोटा, ताईत, वाळे, कडं, कानातलं, पिना, सगळं काढून घरीच ठेवून या. आजी बऱ्याचदा करदोटा काढू देत नाही. तिला आदल्या रात्रीच समजावा, दारात वाद नको. सोबत आत थांबणाऱ्या आईनेही मंगळसूत्र आणि जोडवी काढायची. अंगात कुठे धातूचं काही बसवलेलं असेल तर आधीच सांगा.

घरी पाटावर किंवा खाटेवर "पुतळा-पुतळा" खेळा: डोळे मिटून, पाठीवर झोपून, मोबाईलवर एमआरआयचा आवाज लावून. आधी एक मिनिट, मग दोन, मग पाच. आठवडाभर हे केलेली मुलं माझ्याकडे येतात तेव्हा पहिल्या दहा मिनिटांतच फरक कळतो, आणि अनेकदा झोपेच्या औषधाची गरज पडत नाही. औषध द्यावंच लागलं तर किती तास उपाशी ठेवायचं ते डॉक्टर सांगतील तसंच करा. "थोडं दूध पाजलं" हे लपवू नका, ते धोक्याचं असतं.

लेकराला स्वतःच्या मेंदूबद्दल काय सांगू?

खरं सांगा, त्याला कळेल अशा शब्दांत. "तुझं डोकं बिघडलंय" असं नाही, आणि "तुला काहीच नाही" असंही नाही.

माझा भाचा दहा वर्षांचा असताना एकदा रविवारी माझ्यासोबत केंद्रात आला. नवीन यंत्र बसवलं तेव्हा चाचणीसाठी माझाच मेंदू स्कॅन केलेला होता, तो मी त्याला पडद्यावर दाखवला. त्याने कॉर्पस कॅलोसमवर बोट ठेवून म्हटलं, "मावशी, हे मोसंबीच्या फोडीसारखंय." मग विचारलं, "माझं तुटलंय का?" मी सांगितलं की नाही, तुझ्या सरी आहेत, पाणीही आहे, फक्त दारं धरायला तुला इतरांपेक्षा जास्त धावपळ करावी लागते. म्हणून गोळी आहे, म्हणून बाई तुला पहिल्या बाकावर बसवतात, म्हणून आपण गणिताचे दहा-दहा मिनिटांचे तुकडे करतो. तो थोडा वेळ पडद्याकडे बघत राहिला. मग खुर्चीवर गुडघे टेकून उभा राहिला आणि म्हणाला, "बरं, आता तो आवाज लाव ना, घर्र-घर्रवाला."